अडखळणाऱ्याची प्रार्थना

प्रार्थनेतली स्तुतिवचने लिहून काढणारा माणूस तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, जाळणाऱ्यासारखा अपराधी आहे, असा कडक निर्वाळा तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या संग्रहात नोंदलेला आहे. त्याला जोडून सिदोन शहरातली एक हकिगत येते. तिथे कोणी एक जण अशी वचने लिहून ठेवतो, हे रब्बी इश्माएल यांच्या कानावर गेले आणि ते स्वतः तपासाला निघाले. ते शिडी चढून वर येत आहेत हे कळताच त्या माणसाने लिहिलेला गठ्ठा पाण्याच्या घंगाळात बुडवला. या दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा पहिल्यापेक्षा मोठी, असे रब्बी म्हणाले, कारण त्या पानांवर देवाचे नाव होते. मनाईमागचा विचार सरळ होता. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी आग लागली तर पवित्र ग्रंथ बाहेर काढायला परवानगी होती, पण स्तुतिवचनांची पाने, त्यांत देवाचे नाव असले तरी, वाचवता येत नव्हती. जे आगीत सोडून द्यावे लागेल ते लिहावेच कशाला? ज्या समाजाच्या धर्मपंडितांनी असे सांगितले, तोच समाज आज सकाळ, दुपार, संध्याकाळ हातात पुस्तक धरून प्रार्थना करतो. सिद्दूर हे त्या पुस्तकाचे नाव. ज्यूंच्या घरात बायबलपेक्षाही जास्त वेळा उघडले जाणारे हे पुस्तक. ठरलेल्या शब्दांनी केलेली रोजची प्रार्थना म्हणजे भक्तीचे यंत्र, असा आक्षेप त्याच्यावर बाहेरून घेतला जातो आणि आतूनही. माझे म्हणणे असे, की हे ठरलेले शब्द मुळात ज्याच्याजवळ स्वतःचे शब्द नाहीत त्याच्यासाठी जमवले गेले. सिद्दूरचे मोठेपण आणि त्याचे दोष, दोन्ही याच कसोटीवर जोखायला हवेत.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. तिथे रोज सकाळी आणि दुपारी कोकराचा नित्यबळी दिला जाई. तो थांबला आणि उपासनेचे केंद्रच नाहीसे झाले. आजच्या तीन प्रार्थनांचा उगम कुठे, यावर तालमूदमध्ये दोन मते शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक मत असे, की सकाळची प्रार्थना अब्राहामाने, दुपारची इसहाकाने आणि रात्रीची याकोबाने सुरू केली. दुसऱ्या मताप्रमाणे त्या बळींच्या वेळांना धरून नेमल्या गेल्या. पहिल्या मतात प्रार्थना एकट्या माणसाच्या अनुभवातून उगवते. अब्राहाम पहाटे उठून उभा राहतो, इसहाक संध्याकाळी शेतात जातो, याकोब परक्या जागी दगड उशाला घेऊन झोपतो. दुसऱ्या मतात ती वेळापत्रकातून येते, पुजाऱ्यांच्या शिस्तीतून. तालमूदने यांतले एकही मत टाकून दिले नाही. उत्स्फूर्त हाक आणि नेमून दिलेले कर्तव्य यांची ओढाताण त्यामुळे पायातच बांधली गेली.

मंदिर पडल्यानंतर याव्हने या गावी रब्बान गमलिएल यांच्या पुढाकाराने विद्वान जमले आणि तिथे शिमोन हपाकुली नावाच्या माणसाने अठरा स्तुतिवचने क्रमाने मांडली, अशी परंपरा आहे. पुढे त्यांत एकोणिसावे आले, पण ‘अठरा’ हेच नाव टिकले. ही प्रार्थना उभ्याने म्हणायची म्हणून तिला अमिदाही म्हणतात. सुरुवातीच्या तिन्हींत स्तुती, शेवटच्या तिन्हींत निरोपासह आभार, आणि मध्ये मागण्या: बुद्धी, क्षमा, आरोग्य, पीकपाणी, न्याय. याव्हने येथे नेमके काय ठरले, यावर विसाव्या शतकातल्या अभ्यासकांत मोठा वाद झाला. योसेफ हाइनेमान यांच्या मते लोकांच्या तोंडी अनेक पाठ एकाच वेळी चालू होते, आणि विद्वानांनी त्यांच्यावर फक्त क्रम आणि विषय बसवले. एझ्रा फ्लाइशर यांनी उलट बाजू घेतली. त्यांच्या मते गमलिएल यांनी शब्दांसह नवी प्रार्थना जाणीवपूर्वक रचून दिली. कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जीर्ण हस्तलिखिते साठवण्याची खोली होती, तिला गनिझा म्हणतात. तिथे मिळालेला अमिदाचा पॅलेस्टाइनी पाठ सॉलोमन शेख्टर यांनी १८९८ मध्ये छापला, तेव्हा तो प्रचलित पाठापेक्षा बराच वेगळा निघाला. मला हाइनेमान यांची बाजू अधिक पटते. पण कोणतीही बाजू घेतली तरी इतके नक्की, की कित्येक शतके ही प्रार्थना पुस्तकाशिवाय, पाठांतराने चालली.

मग ठरलेले शब्द कशासाठी? याचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांनी १२व्या शतकात, ‘मिश्ने तोरा’ या आपल्या धर्मशास्त्राच्या संहितेत दिले. रोज प्रार्थना करावी ही तोराचीच आज्ञा आहे, असे ते मांडतात. पण किती वेळा, कोणत्या शब्दांत, हे तोरा सांगत नाही. ज्याची वाणी चांगली तो भरपूर बोले, ज्याला जमत नसे तो थोडक्यात उरके. पुढे लोक बाबिलोनला हद्दपार झाले, मुलाबाळांच्या तोंडी अनेक भाषांची सरमिसळ झाली, आणि कोणालाच आपली गरज एका भाषेत नीट मांडता येईना. तेव्हा बायबलमधले शास्त्री एझ्रा आणि त्यांच्या न्यायसभेने अठरा स्तुतिवचने बांधून दिली, म्हणजे अडखळणाऱ्याची प्रार्थनाही वाक्पटूच्या प्रार्थनेइतकीच पुरी व्हावी. इतिहास म्हणून ही हकिगत आजचे अभ्यासक मान्य करत नाहीत. एझ्राच्या काळात हा पाठ असल्याचा पुरावा नाही. पण मायमोनिडीस यांनी प्रयोजन अचूक पकडले आहे. उत्स्फूर्त प्रार्थना ऐकायला समतेची वाटते. प्रत्यक्षात ती ज्याच्या जिभेवर भाषा खेळते त्याच्या सोयीची असते. ज्याला देवापुढे काय बोलावे कळत नाही, जो दुःखाने बधिर झाला आहे, जो निरक्षर आहे, त्याला ‘मनाला येईल ते बोल’ असे सांगणे म्हणजे त्याला एकटे सोडणे. सिनेगॉगमध्ये सर्वांनी अमिदा हळू आवाजात म्हटल्यावर हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, ती पुन्हा मोठ्याने म्हणतो. या पुनरावृत्तीचे कारणही हेच. ज्याला पाठ येत नाही त्याने नुसते ऐकून आमेन म्हणावे, त्याची प्रार्थना झाली.

लिहिण्याची मनाई मोडली तीही याच गरजेपोटी. नवव्या शतकात स्पेनमधल्या ज्यूंनी बाबिलोनिया, म्हणजे आजच्या इराकमधल्या सुरा येथील विद्यापीठाला विचारले: वर्षभराच्या प्रार्थना कोणत्या क्रमाने म्हणायच्या? विद्यापीठाचे प्रमुख राव अम्राम गाओन यांनी उत्तरादाखल जो ग्रंथ पाठवला, तो आपल्यापर्यंत आलेला पहिला पूर्ण सिद्दूर मानतात. दहाव्या शतकात साआदिया गाओन यांनी आपल्या सिद्दूरमधल्या सूचना अरबीत लिहिल्या, कारण वाचणाऱ्यांची बोली अरबी होती. म्हणजे पहिले सिद्दूर निघाले ते दूरच्या, गोंधळलेल्या, विचारणाऱ्या लोकांसाठी. १४८६च्या सुमारास इटलीत सोंचिनो घराण्याने प्रार्थनापुस्तके छापली आणि मग ती घरोघर गेली.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप मिश्ना या तालमूदच्या मूळ नियमसंग्रहातच आहे: ज्याची प्रार्थना ठरीव झाली, त्याची प्रार्थना विनवणी राहत नाही, असे रब्बी एलिएझर यांचे मत. ज्या प्रकरणात अमिदा कधी आणि कशी म्हणावी हे सांगितले आहे, त्याच प्रकरणात हे मत बसवलेले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी नियमाविरुद्धची तक्रार नियमांतच लिहून ठेवली. पुढच्या धर्मशास्त्राने या तक्रारीशी प्रामाणिक झुंज दिली. मायमोनिडीस सांगतात, की मन लावून न केलेली प्रार्थना प्रार्थनाच नव्हे, ती पुन्हा करावी. सोळाव्या शतकातला ‘शुल्खान आरुख’ हा नियमग्रंथ थोडी सूट देतो: सगळीकडे मन लागले नाही तर निदान पहिल्या वचनात तरी लागावे. त्यावर क्राकोचे रब्बी मोझेस इसर्लिस लिहितात, की हल्ली मन लागले नाही म्हणून प्रार्थना पुन्हा करू नये, कारण दुसऱ्या वेळीही ते लागेल याची खात्री नाही. हे वाचून कोणी म्हणेल, ही तर हार झाली. मला त्यात माणसाची खरी ओळख दिसते. ज्याचे मन आज लागत नाही, त्याला धर्म दाराबाहेर काढत नाही. उद्या पुन्हा त्याच शब्दांपाशी बोलावतो.

शिवाय ठरीव पाठ बंदिस्त नाही. अमिदा म्हणताना माणूस तीन पावले पुढे येतो, पाय जुळवतो, ओठ हलतात पण शेजाऱ्याला आवाज ऐकू जात नाही. हळू आवाजाची ही पद्धत तालमूदने हन्नाच्या कथेतून घेतली. मूल होत नाही म्हणून ती मंदिरात रडत मनातल्या मनात प्रार्थना करत होती, आणि एली पुजाऱ्याला ती दारू प्यायलेली वाटली. शमुएलाच्या पहिल्या पुस्तकातली ही बाई कोणताही पाठ म्हणत नव्हती. सर्वांत नेमलेल्या प्रार्थनेचा नमुना म्हणून विद्वानांनी सर्वांत न नेमलेली प्रार्थना निवडली, हा योगायोग असूच शकत नाही. आजारी माणसासाठी मागायचे असेल तर आरोग्याच्या वचनात त्याचे नाव आईच्या नावासह घालता येते. आणखी काही मागायचे असेल तर ‘प्रार्थना ऐकणारा’ या वचनात ते आपल्या शब्दांत मागता येते. अमिदा संपल्यावर कोणता रब्बी स्वतःचे काय जोडत असे, याची यादीच तालमूदने जपली आहे. त्यांपैकी मार बार रविना यांची खासगी विनवणी, जिभेला वाईट बोलण्यापासून आवर असे मागणारी, आज प्रत्येक सिद्दूरमध्ये अमिदाच्या शेवटी छापलेली असते. एका माणसाच्या मनातून निघालेले शब्द असे कोट्यवधींच्या ओठांवर गेले. आजचा ठरीव पाठ हा कोणाचा तरी कालचा उत्कट क्षण आहे.

याच मुद्द्यावर विसाव्या शतकातल्या दोन विचारवंतांची मते समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. जेरुसलेमचे येशायाहू लाइबोविट्झ म्हणत, की प्रार्थनेचा माणसाच्या गरजांशी संबंधच नाही, ते केवळ देवाच्या सेवेचे कर्तव्य आहे. म्हणून तर लग्नाच्या मांडवाकडे निघालेल्या नवऱ्याला आणि बायकोला पुरून परतलेल्या विधुराला एकच अमिदा सांगितली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात वेगळी वाट दाखवली: कधी भावना आधी येते आणि शब्द शोधते, पण बहुतेक वेळा शब्द आधी येतात आणि आपण त्यांच्यात शिरता शिरता भावना जागी होते. लाइबोविट्झ यांच्या म्हणण्यातला ताठपणा मला आदरणीय वाटतो, पण तो पुस्तकाशी जुळत नाही. नुसते कर्तव्यच हवे होते तर मध्ये आरोग्य आणि पीकपाणी का आले? आणि ज्याचा जवळचा माणूस गेला आहे, पण अजून दफन व्हायचे आहे, त्याला धर्मशास्त्र प्रार्थनेतून सूट देते. त्या घडीला त्याच्याकडून काहीच मागितले जात नाही. माणसाच्या अवस्थेची दखल या व्यवस्थेत आहे. हेशेल यांचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळचे आहे.

शब्द आधी येतात, आणि येतात ते अनेकवचनात. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने स्वतःसाठी केलेली आरोग्याची याचना अमिदात घेताना ‘मला’च्या जागी ‘आम्हाला’ घातले आहे. सकाळी ठणठणीत उठलेला माणूसही आजाऱ्यांसाठी मागतो, ज्याचे कोठार भरले आहे तोही पिकासाठी. स्वतःच्या मनाने प्रार्थना करायची तर यांतले बरेचसे त्याला सुचलेच नसते. कद्दिश पाहावे. आई किंवा वडील गेल्यावर मूल अकरा महिने रोज ही प्रार्थना म्हणते. तिच्यात मृत्यूचे नाव नाही, गेलेल्याचेही नाही. आहे ती फक्त देवाच्या नावाची थोरवी. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा जणांचे मिन्यान लागते, आणि उरलेले नऊ जण ठरलेल्या जागी ठरलेले उत्तर देतात. ज्या दिवसांत माणसाला एक वाक्य धड जुळवता येत नाही, त्या दिवसांत त्याला उभे राहायला जागा, म्हणायला शब्द आणि उत्तर द्यायला माणसे मिळतात. मायमोनिडीस यांच्या अडखळणाऱ्या माणसाला याहून मोठी मदत कोणी केलेली मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्यावर विश्वास नाही, किंवा जे अन्यायाचे आहे, ते रोज तोंडाने म्हणायचे का? मंदिर पुन्हा उभे राहो, बळी पुन्हा सुरू होवोत, ही मागणी सिद्दूरमध्ये आहे. १८१९ मध्ये हँबुर्गच्या सुधारकांनी आपले प्रार्थनापुस्तक काढले, त्यात जर्मन भाषा आणली, अशा जागा बदलल्या, आणि मोठे वादळ उठले. १९४५ मध्ये मॉर्डेकाय कॅप्लन यांनी शब्बाथच्या प्रार्थनापुस्तकातून ‘निवडलेली प्रजा’ ही कल्पना काढून टाकली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सनातनी रब्बींच्या एका संघाने त्यांना बहिष्कृत केले आणि त्या सभेत पुस्तकाची प्रत जाळली गेली. देवाचे नाव असलेले पुस्तक जाळणे हे त्या रब्बींच्या स्वतःच्या परंपरेलाही धरून नव्हते. पण एका ओळीसाठी माणसे इतकी पेटतात याचाच अर्थ ते शब्द मेलेले नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र मी आक्षेपकांच्या बाजूचा आहे. पारंपरिक सिद्दूरमध्ये पुरुष रोज सकाळी, आपल्याला स्त्री केले नाही म्हणून देवाचे आभार मानतो, आणि स्त्री, देवाने आपल्याला त्याच्या इच्छेप्रमाणे घडवले, असे म्हणते. समर्थक सांगतात, की पुरुषावर आज्ञांचा भार अधिक आहे, त्या भाराबद्दलचे हे आभार आहेत. हा खुलासा जुना आहे आणि प्रामाणिकही असेल, पण शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या कानावर जे पडते ते खुलाशाने बदलत नाही. मिश्नाने प्रार्थना स्त्रियांवरही बंधनकारक मानली असताना, बहुतेक काळ त्यांना हिब्रू नीट शिकवलेच नाही. ज्याच्याजवळ शब्द नाहीत त्याला शब्द देण्याचे वचन इथे अर्धेच पाळले गेले. पूर्व युरोपातल्या बायकांनी यिडिशमध्ये आपल्या वेगळ्या विनवण्यांची पुस्तके वापरली ती त्यामुळेच. तरीही उपाय पुस्तकाच्या आतूनच निघाले. १५व्या शतकात इटलीत अब्राहम फारिसोल यांनी एका स्त्रीसाठी हाताने लिहिलेल्या सिद्दूरमध्ये ती बाई, आपल्याला पुरुष न करता स्त्री केले म्हणून आभार मानते. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने हे वचनच बदलले. पुस्तक टाकून न देता पुस्तक दुरुस्त करणे, हा मार्ग मला योग्य वाटतो.

तिसरा प्रश्न पावसाचा, आणि तो थेट कोकणातल्या ज्यूंपर्यंत येतो. अमिदात पावसाची मागणी हिवाळ्यातच येते, कारण इस्राएलच्या भूमीत पाऊस तेव्हा पडतो. त्या भूमीबाहेर ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि वसंतातल्या वल्हांडणाच्या सणापर्यंत चालते. अलिबाग-पेणच्या बाजूला तेव्हा भात कापून झालेले असते, आंब्याला मोहोर येत असतो, आणि पाऊस पडला तर नुकसानच. ठरलेला पाठ स्थानिक गरजेशी इतका विसंगत असेल तर तो म्हणायचा कशाला? तालमूदमध्ये हाच प्रश्न निनवेच्या लोकांनी रब्बी यहुदा हनासी यांना विचारला होता: आम्हाला उन्हाळ्यात पाऊस लागतो, काय करावे? उत्तर आले, तुम्ही व्यक्तीसारखे आहात, ‘प्रार्थना ऐकणारा’ या वचनात तो मागा. म्हणजे सगळ्यांची मागणी सगळ्यांच्या वेळी, आपली मागणी आपल्या जागी. कोकणातल्या शेतकऱ्यासाठी जूनच्या पावसाची सोय या पुस्तकात अशी आहे, आणि डिसेंबरात तो आपल्या मोहोराची पर्वा न करता दूरच्या शेतांसाठी मागतो. यात विसंगती आहे हे खरे. पण जो फक्त आपल्या आभाळाकडे पाहून मागतो, त्याच्यापेक्षा ही प्रार्थना मला मोठी वाटते.

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास तर या सगळ्याचा पुरावाच आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या लोकांजवळ कित्येक पिढ्या पुस्तक नव्हते, रब्बी नव्हते, हिब्रूही जवळजवळ उरली नव्हती. उरला होता शेमा, देव एकच आहे हे सांगणारा पाठ, आणि सुंता असो, लग्न असो की मर्तिक, ते तोच म्हणत. एवढ्या ठरलेल्या शब्दांच्या बळावर ते ज्यू राहिले. स्वतःच्या उत्स्फूर्त प्रार्थना त्यांनी अर्थातच मराठीत केल्या असतील, पण पुढे कोचीनहून आलेल्या धर्मबांधवांना त्यांची ओळख पटायला उपयोगी पडला तो शेमा. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला मशीद म्हणत. सिद्दूर हाती आला तेव्हा नवी अडचण उभी राहिली: अक्षरे वाचता येत, अर्थ कळत नसे. शेमा आणि अमिदा कोणत्याही भाषेत म्हणता येतात, असे मिश्नाने सांगूनच ठेवले आहे. मुंबईच्या डेव्हिड सॅसून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. अम्राम गाओन यांनी स्पेनसाठी आणि साआदिया यांनी अरबी बोलणाऱ्यांसाठी जे केले, तेच काम राजपूरकरांनी मराठी बोलणाऱ्यांसाठी केले.

मराठीतल्या धार्मिक वाङ्मयाचा इतिहास लिहिताना या पुस्तकांना जागा मिळायला हवी. १९४८ नंतर बेने इस्रायल समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, इथे आता थोडी कुटुंबे आहेत. जीर्ण सिद्दूर फेकायचा नसतो, तो गनिझात ठेवतात किंवा विधिपूर्वक पुरतात, त्यामुळे जुन्या प्रती हळूहळू दिसेनाशा होणे स्वाभाविक आहे. ठाणे, पनवेल, अलिबागच्या कोणा घरात किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात अशी मराठी प्रार्थनापुस्तके असतील, तर ती पुरण्याआधी किंवा रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत आणि अभ्यासकांना द्यावीत, एवढी विनंती.